इटलीचं लेबल, तुर्कस्तानचे टोमॅटो: यात कुठवर जाणं बरोबर?

शाईकागद:

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण तपशील दिल्याशिवाय कुणालाच नीट सांगता येणार नाही, म्हणून सगळं लिहिते.

मी गेली १४ वर्षं खाण्याच्या वस्तूंची लेबलं करते. बरण्या, बाटल्या, पाऊच, पत्र्याचे डबे, सगळं. मागच्या मंगळवारी एक नवं काम आलं: पास्ता सॉस, ४०० ग्रॅमची काचेची बरणी. कंपनी सहा वर्षं जुनी. माल आधी देशात विकायचा आणि नंतर युरोपातल्या दोन देशांत पाठवायचा, असा त्यांचा बेत आहे.

ब्रीफमध्ये जे मागितलंय ते असं. ब्रँडचं नाव इटालियन आडनावासारखं, शेवटी ‘इनी’ येणारं. बरणीच्या गळ्याशी हिरवा-पांढरा-लाल पट्टा. मधोमध टेकडीवरचं दगडी घर, शेजारी सायप्रसची उंच झाडं, दारात ॲप्रन बांधलेली म्हातारी. तिच्या पायाशी तिरप्या अक्षरांत ‘रिचेत्ता देल्ला नोन्ना’, म्हणजे आजीची पाककृती. त्याखाली एका गावाचं नाव आणि ‘१८९७ पासून’.

गाव कुठलं म्हणून विचारलं तर मार्केटिंगचे गृहस्थ म्हणाले, “आम्हीच तयार केलंय. नकाशात असं गावच नाही, म्हणजे कुणी हरकत घ्यायचा प्रश्न येत नाही.” १८९७ चं विचारलं तर म्हणाले, “जुनं वाटलं पाहिजे.”

लेबलाला हात घालण्याआधी माल कुठे बनतो ते पाहून यायची माझी पद्धत आहे. गेले. गोदामात निळे ड्रम रांगेनं उभे होते. झाकण उघडलं की आत चंदेरी पिशवी आणि पिशवीत टोमॅटोचा घट्ट गर. ड्रमवरच्या कागदावर ब्रिक्स (म्हणजे गर किती घट्ट त्याचं माप) ३६-३८, भरल्याची तारीख आणि उगम तुर्कस्तान. त्यात पाणी, तेल, मीठ, साखर, वाळवलेलं बेसिल घालून सॉस शिजतो. तिथल्या बाईंनी चमच्यावर थोडा गर चाखायला दिला. आंबटगोड, उन्हात पिकलेल्या टोमॅटोची चव. त्या मालात लपवण्यासारखं काहीच नाही, आणि म्हणूनच मला जास्त वाईट वाटलं.

तरी पहिलं कच्चं डिझाइन मी करून दिलं. प्रूफ काढलं, एका रिकाम्या बरणीला गुंडाळलं आणि टेबलावर ठेवलं. संध्याकाळी मावशी आली. तिनं बरणी उचलली, म्हातारीच्या चित्रावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, “अगं, ही थेट इटलीहून आणलीस? कोण आलं तिकडून?” ती खूश झाली होती. बरणी मागे वळवून पाहावी असं तिच्या मनातही आलं नाही. मी सांगितलं की नाही गं, हे मीच केलंय. तेव्हा तिनं बरणी खाली ठेवली आणि विचारलं, “मग ही बाई कोण?” मला उत्तर देता आलं नाही. ती बाई विकत घेतलेल्या फोटोवरून काढलेली आहे.

त्या रात्रीपासून हे काम पुढे सरकलेलं नाही. तर जाणकारांना विचारायचंय: कायद्यानं यातलं काय चालतं आणि काय नाही? मागच्या बाजूला खरा उगम लिहिला की पुढचं सगळं चालून जातं का? ‘इटालियन शैली’ एवढा शब्द घातला तर पुरे का? क्लायंट म्हणतो, सगळेच करतात. करतही असतील, पण चित्र काढणारा हात माझा आहे.

एक राहिलं. त्यांना याच मालिकेत चीज घातलेला दुसरा सॉसही काढायचाय, त्यावर ‘पार्मेझान’ मोठ्या अक्षरांत हवंय. चीज साधंच आहे, कुठलंही कडक चीज.


दीडमिलिमीटर:

शाईकागद, निर्यातीच्या मालाची लेबलं तपासणं हाच माझा रोजचा धंदा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. आधी चीज, कारण ते सोपं आहे. युरोपात ते ‘पार्मेझान’ काढून टाका. पार्मिजानो रेज्जानो हे इटलीतल्या एका कडक चीजचं संरक्षित नाव आहे. पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना आणि बोलोन्या-मांतोवाचा काही भाग, एवढ्याच टापूत बनलेल्या आणि किमान १२ महिने मुरवलेल्या चीजला ते लावता येतं. ‘पार्मेझान’ हा शब्द त्याच नावाची आठवण करून देतो, असं युरोपीय न्यायालयानं २००८ मध्ये म्हटलं आहे. आणि इथे ‘शैली’ लावूनही सुटका नाही. संरक्षित नावापुढे ‘शैली’, ‘प्रकार’, ‘पद्धत’, ‘नक्कल’ असं काहीही जोडलं तरी ते उल्लंघनच धरतात. अमेरिकेत मात्र ‘पार्मेझान’ हे सर्रास वापरातलं नाव आहे, तिथे चालतं. म्हणूनच दोन बाजारांना एकच लेबल करू नका असं मी प्रत्येकाला सांगतो.

आता मूळ बरणी. सगळ्या जगाच्या नियमांखाली एक पाया आहे: कोडेक्सचं, म्हणजे खाद्यपदार्थांची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं, १९८५ चं लेबलिंगचं सर्वसाधारण मानक. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, मालाविषयी चुकीचा समज होईल अशी मांडणी लेबलावर करायची नाही. मांडणी म्हटलंय, फक्त मजकूर नाही. चित्रही त्यात आलं. दोन, मूळ देश न लिहिल्यानं ग्राहक फसणार असेल तर तो लिहायचाच. त्याच मानकात पुढे असंही आहे की दुसऱ्या देशात प्रक्रिया होऊन पदार्थाचं स्वरूपच बदललं, तर प्रक्रिया जिथे झाली तो देश मूळ देश धरायचा. म्हणजे तुमचा सॉस जिथे शिजतो तो देश. इटली कुठल्याच वाटेनं येत नाही. टोमॅटो तिथले नाहीत आणि चूलही तिथली नाही.

युरोपात यावर आणखी थर आहे. २०११ चा ११६९ क्रमांकाचा नियम: एकंदर लेबल पाहून वेगळाच देश वाटत असेल, तर खरा देश सांगणं बंधनकारक. आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेला दुसरा नियम: लेबलावर शब्दानं, चित्रानं, चिन्हानं, कशानंही एखादा देश सुचवला आणि मुख्य घटक दुसरीकडचा असला, तर त्या घटकाचा उगम सांगायचा, निदान तो वेगळा आहे एवढं तरी सांगायचं. मुख्य घटक म्हणजे अर्ध्याहून जास्त असलेला, किंवा नाव घेतलं की ग्राहकाला जो आठवतो तो. टोमॅटो सॉसमध्ये तो टोमॅटोच.

तुमच्यासारखीला उपयोगी पडेल असा भाग पुढे आहे. ही माहिती देशाच्या उल्लेखाबरोबर एकाच नजरेत दिसली पाहिजे. पुढे झेंडा आणि मागे खुलासा, असं चालत नाही. देश शब्दांत लिहिला असेल तर खुलाशाची अक्षरं त्याच्या किमान ७५ टक्के उंचीची हवीत आणि काही झालं तरी १.२ मिलिमीटरहून कमी नकोत. ही उंची इंग्रजी लहान एक्स या अक्षराची मोजतात. छोट्या वेष्टनावर, म्हणजे सगळ्यात मोठी बाजू ८० चौरस सेंटिमीटरहून कमी असेल तर, एरवीच्या सक्तीच्या मजकुराला ०.९ मिलिमीटरपर्यंत सूट आहे. तुमची ४०० ग्रॅमची बरणी त्या सवलतीत बसायची नाही.

‘मागे खरं लिहिलं की झालं’ याबद्दल दोन निकाल वाचून ठेवा. जर्मनीत एका फळांच्या चहाच्या खोक्यावर रासबेरी आणि व्हॅनिलाच्या फुलांची चित्रं होती. आत दोन्हीही नव्हतं. घटकांची यादी मात्र अचूक होती. २०१५ मध्ये युरोपीय न्यायालयानं सांगितलं की यादी बरोबर असली म्हणून खोक्याचा पुढचा भाग दिशाभूल करणारा ठरू शकत नाही असं नाही. दुसरा निकाल व्हिस्कीचा. जर्मनीतल्याच श्वाबिया भागातल्या एका डिस्टिलरीनं नावात ‘ग्लेन’ घातलं होतं, म्हणजे बऱ्याच स्कॉच व्हिस्कींच्या नावात असणारा स्कॉटिश शब्द. लेबलावर जर्मन पत्ता स्पष्ट होता. २०१८ मध्ये न्यायालय म्हणालं की त्या शब्दानं ग्राहकाच्या मनात थेट स्कॉच व्हिस्की उभी राहते का, हे बघा. शेजारी खरा पत्ता लिहिलाय याचा विचार त्यात करायचा नाही. पुढच्या वर्षी हॅम्बुर्गच्या न्यायालयानं त्यांना ते नाव थांबवायला सांगितलं.

आणि खास तुमच्यासाठी, कारण तुम्ही चित्रं काढता: स्पेनच्या मान्चेगो चीजचा खटला, २०१९. एका चीजच्या लेबलावर डॉन किहोटेसारखा (मान्चेगो जिथे बनतं त्या ला मांचा भागातल्या प्रसिद्ध कादंबरीचा नायक) दिसणारा स्वार, हडकुळा घोडा, पवनचक्क्या आणि मेंढ्या होत्या. संरक्षित नावातलं एक अक्षरही नाही. न्यायालयानं सांगितलं की निव्वळ चित्रांनीही संरक्षित नाव सुचवलं जाऊ शकतं. म्हणजे दगडी घर आणि सायप्रसची झाडं यांना ‘नुसती सजावट’ म्हणणाऱ्या क्लायंटला हे सांगा. पास्ता सॉसला असं संरक्षित नाव नाही, त्यामुळे हा निकाल तुमच्या बरणीला जशाच्या तसा लागू होणार नाही. पण चित्र बोलतं, हे कायद्याला मान्य आहे.


मंद आच:

शाईकागद, राग मानू नका, पण मला वाटतं तुम्ही फार मनाला लावून घेताय. मी वीस वर्षं हॉटेलांच्या किचनमध्ये काढलीत. पदार्थ प्रवास करतात, नावंही त्यांच्याबरोबर जातात. फ्रेंच फ्राइज फ्रान्सहून आले असं कुणाला वाटतं? फ्रँकफर्टर सॉसेज फ्रँकफर्टमधूनच हवं असं कोण म्हणतं? इटालियन पद्धतीनं केलेल्या सॉसला इटालियन नाव दिलं तर त्यात लबाडी कसली?

हागेन-डाझ आईस्क्रीमचंच घ्या. १९६० च्या आसपास न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये एका नवराबायकोनं सुरू केलं. नाव डॅनिश वाटावं म्हणून जुळवलेलं. डॅनिशमध्ये असा शब्द नाही, त्या नावातलं दोन टिंबांचं अक्षरसुद्धा डॅनिश लिपीत नाही. सुरुवातीच्या डब्यांच्या झाकणावर तर डेन्मार्कचा नकाशा होता. मालकानं पुढे सांगितलं होतं की महायुद्धात डेन्मार्कनं ज्यूंना वाचवलं, त्याबद्दलची कृतज्ञता त्यात होती. आईस्क्रीम उत्तम होतं आणि लोकांनी ते चवीसाठी घेतलं. मजा म्हणजे १९८० मध्ये फ्रुसेन ग्लाजे नावाचा दुसरा अमेरिकन ब्रँड आला, तर आमच्यासारखंच स्कँडिनेव्हियन वळण उचललं म्हणून हागेन-डाझवालेच त्यांच्यावर कोर्टात गेले. कोर्टानं मनाई द्यायला नकार दिला. एखाद्या भाषेचा नाद ही कुणाची मालकी नाही, हे मला पटतं.

तुमचा सॉस चांगला आहे असं तुम्हीच लिहिलंय. मग त्याला चांगला अंगरखा द्या आणि शांत झोपा.


वाचून घेणारा:

मंद आच, तुम्ही आचारी आहात, चाखून ओळखता. आम्ही बाटली बंद असताना घेतो. आमच्याकडे लेबलाशिवाय दुसरं काय असतं?

माझं सांगतो. डॉक्टरांनी सांगितल्यापासून मी ऑलिव्ह तेल वापरतो. एका बाटलीवर पुढे ठसठशीत ‘इटलीहून आयात’ लिहिलेलं असायचं, वर सोनेरी पदकांसारखी गोल चित्रं. दोन वर्षं तीच बाटली घेतली. मागे तारखेच्या ओळीत बारीक अक्षरं छापलेली असत: आयटी, ईएस, जीआर, टीएन. मला वाटायचं बॅचचा नंबर असेल. एकदा मुलीनं बघितलं आणि म्हणाली, “बाबा, हे देश आहेत.” इटली, स्पेन, ग्रीस, ट्युनिशिया. तेल चार देशांतलं, इटलीत मिसळून बाटलीत भरलेलं. ‘इटलीहून आयात’ हे वाक्य खोटं नव्हतं, बाटली खरंच तिथून निघाली होती. पण मी जे समजून पैसे मोजत होतो ते ते नव्हतं, आणि मी तेच समजावं म्हणून ते वाक्य तिथे होतं.

तेल वाईट नव्हतं. ट्युनिशियाचं ऑलिव्ह तेल उत्तम असतं, हे मला नंतर कळलं. मग ट्युनिशियाचं नाव पुढे का नाही? तिथल्या शेतकऱ्यानं झाडं वाढवली, फळं काढली, आणि नाव दुसऱ्याचं. मला फसवलं गेल्याचं दुःख आहेच, पण त्या शेतकऱ्याचंही काहीतरी काढून घेतलंय असं वाटतं.

युरोपात आता एक्स्ट्रा व्हर्जिन तेलावर उगम लिहावाच लागतो, मिश्रण असेल तर तेही. २००९ पासून ते सक्तीचं आहे. बाटली हातात आली की मी आधी ती ओळ शोधतो.


शाईकागद:

सगळ्यांचे आभार. दीडमिलिमीटर, तुमचा प्रतिसाद छापून टेबलाशी लावलाय.

मंद आच, राग अजिबात नाही. उलट तुमचं वाचून माझं मलाच काय खुपतंय ते नीट कळलं. नावाचं मला फारसं वाटत नव्हतं. ‘इनी’नं संपणारं नाव ही एक लकब झाली, ऐकणाऱ्याला त्यातली हौस कळते. मला अडलं ते गावाशी, सालाशी आणि त्या बाईशी. कारण त्या गोष्टी माहिती म्हणून वाचल्या जातात. ‘१८९७ पासून’ हे वाक्य खरं असतं नाहीतर खोटं असतं, मधलं काही नसतं. गाव असतं नाहीतर नसतं. आजी असते नाहीतर नसते. मावशीनं ‘नाव किती छान’ असं म्हटलंच नाही. तिनं विचारलं, ही बाई कोण. तिला ती खरीच वाटली.

तुमच्या उदाहरणातलंही बघा. हागेन-डाझ हे नाव मी मान्य करीन. झाकणावरचा नकाशा मात्र मी काढला नसता.

टोब्लेरोन या स्विस चॉकलेटचं तुम्हाला आठवत असेल. त्यांनी उत्पादनाचा काही भाग स्लोव्हाकियात, ब्रातिस्लाव्हात हलवायचं ठरवलं आणि २०२३ मध्ये खोक्यावरचा मॅटरहॉर्न हा प्रसिद्ध स्विस डोंगर काढून कुठलातरी साधा डोंगर घातला. ‘स्वित्झर्लंडचं’ ऐवजी ‘स्वित्झर्लंडमध्ये स्थापना’ असं लिहिलं. स्विस कायदा २०१७ पासून कडक झालाय: खाद्यपदार्थावर स्विस खूण लावायची तर कच्च्या मालाचा वजनानं किमान ८० टक्के भाग तिथला हवा, दूध तर पूर्ण १०० टक्के, आणि महत्त्वाची प्रक्रियाही तिथेच व्हायला हवी. कोकोसारखं तिथे पिकतच नाही ते हिशोबात धरत नाहीत. आमच्या धंद्यातल्या लोकांत तेव्हा खूप चर्चा झाली. बहुतेक जण हळहळत होते, की इतकं ओळखीचं चित्र गेलं. मला तेव्हाही वाटलं होतं की एका डोंगराच्या रेषेला कुणीतरी इतकं गंभीरपणे घेतलं, हे चांगलं झालं.

कामाची प्रगती: शुक्रवारी बैठक झाली. गाव आणि साल काढायला ते तयार झाले (निकालांची नावं ऐकून, माझं ऐकून नव्हे). पट्टा आणि आजी ठेवायची म्हणतात. तुर्कस्तानचा उल्लेख करायला हरकत नाही, पण तो झाकणाच्या कडेवर, चंदेरीवर पांढऱ्या अक्षरांत घ्या, ‘म्हणजे देखणं दिसेल’. मी तसं छापून पाहिलं. बरणी तिरपी करून दिव्याखाली धरली की अक्षरं दिसतात, सरळ धरली की नाहीशी होतात. याला नियमात काही उत्तर आहे का?


दीडमिलिमीटर:

आहे, आणि ते नेमकं याच रंगांचं आहे.

बेक्स ही ब्रेमेनची बिअर. २०१२ पासून अमेरिकेत विकली जाणारी बेक्स सेंट लुईसमध्ये बनायला लागली. खोक्यावर ‘ब्रेमेन, जर्मनी इथे उगम’ आणि १५१६ च्या जर्मन शुद्धता कायद्याचा उल्लेख होता. ‘अमेरिकेत उत्पादित’ हेही बाटलीवर होतं, पण चकाकत्या चंदेरीवर पांढऱ्या बारीक अक्षरांत. ग्राहकांनी फ्लोरिडात दावा लावला आणि त्यांची तक्रार हीच होती की बाटली हातात घेऊन फिरवल्याशिवाय ती ओळ वाचता येत नाही. दावा फेटाळायची कंपनीची मागणी न्यायालयानं मान्य केली नाही. २०१५ मध्ये तडजोड झाली: पावत्या असतील तर एका घराला ५० डॉलरपर्यंत परतावा, पावती नसेल तर १२ डॉलरपर्यंत, शिवाय लेबल बदलायचं. तुमच्या क्लायंटला हा प्रसंग जरूर सांगा.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर एकांगी होईल. रेड स्ट्राइप ही जमैकाची बिअर पेनसिल्व्हेनियात बनत होती. लेबलावर ‘जमैकन शैलीची लागर’ असं होतं. तो दावा २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीशांनी फेटाळला. म्हणजे तिकडे ‘शैली’ हा शब्द वाचवतो. युरोपीय आयोगाच्या मार्गदर्शनातही ‘शैली’, ‘प्रकार’, ‘पाककृती’ हे शब्द सहसा उगमाचा दावा धरत नाहीत. पण तिथेच हेही आहे की दिशाभूल करायची नाही हा मूळ नियम सुटत नाही. माझं मत विचाराल तर ‘शैली’ हा शब्द पट्ट्याएवढा मोठा असेल तरच तो प्रामाणिक. पट्टा गळाभर आणि ‘शैली’ मुंगीएवढी असेल तर कायद्यातून निसटाल, मावशीच्या प्रश्नातून नाही.

अक्षरांबद्दल: सक्तीचा मजकूर ठळक जागी, सहज दिसणारा, स्पष्ट वाचता येणारा हवा आणि चित्रानं किंवा दुसऱ्या कशानं झाकलेला नको, असं युरोपच्या नियमात थेट लिहिलंय. शाई आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरकही त्यात धरतात. चंदेरीवर पांढरं म्हणजे स्वतःहून अडचण ओढवून घेणं.


तोलकाटा:

मी मसाल्यांच्या पॅकिंगमध्ये आहे. थोडक्यात दोन गोष्टी.

बारकोडचे पहिले आकडे बघून देश ओळखा, असं सगळीकडे पसरलंय. ते चुकीचं आहे. ८०० ते ८३९ म्हणजे त्या कंपनीनं इटलीच्या जीएस१ संस्थेकडून नंबर घेतला, एवढंच. माल चंद्रावर बनला तरी आकडे तेच राहतील. त्यापेक्षा चीज, दूध, मांस असेल तर युरोपच्या मालावर अंडाकृती शिक्का शोधा. त्यात देशाची दोन अक्षरं आणि कारखान्याचा मंजुरी क्रमांक असतो. तोही शेवटची प्रक्रिया किंवा पॅकिंग कुठे झालं तेच सांगतो, दूध कुठल्या गाईचं ते नाही.

दुसरं केशर. डबीवर स्पेनची नर्तकी किंवा बैल असला की लोक स्पॅनिश समजतात. जगातलं बहुतांश केशर इराणात पिकतं. बरंच स्पेनमध्ये जाऊन डबीत भरलं जातं आणि तिथून पुढे निघतं. खरंच ला मांचाचं हवं असेल तर त्या नावाचं संरक्षित चिन्ह डबीवर असतं, ते बघायचं. माझ्यासमोर कित्येकदा इराणी केशराची पोती उघडलीत. लांब, गडद लाल धागे, वास असा की हात धुतला तरी दिवसभर राहतो. त्याला नर्तकीची गरज काय?


मंद आच:

शाईकागद, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. नाव आणि गाव यांत तुम्ही केलेला फरक पटला. मीही मेन्यूकार्डावर ‘कोबे बीफ’ लिहिलेल्या जागी काम केलंय. २०१२ च्या आधी खरं कोबे बीफ जपानबाहेर कायदेशीर जातच नव्हतं, पहिल्यांदा ते मकाऊला गेलं. आमच्या कार्डावर त्याआधीपासून होतं. तेव्हा मी काही बोललो नव्हतो. बोलायला हवं होतं.

आजीचं काय करताय?


शाईकागद:

आजी गेली. पट्टाही गेला. तीन बैठका लागल्या.

शेवटी काम झालं ते कायद्यापेक्षा चमच्यामुळे. मी कारखान्यातून गराची छोटी बाटली मागवली होती. बैठकीत सगळ्यांना एकेक चमचा दिला आणि विचारलं, याची लाज वाटण्यासारखं काय आहे? मालकीणबाई स्वतः आल्या होत्या, त्या आधीच्या बैठकांना नव्हत्या. त्या म्हणाल्या की तुर्कस्तानातल्या ज्या भागातून हा गर येतो तिथे त्या स्वतः जाऊन आल्यात, वेलांवर टोमॅटो पूर्ण लाल होईपर्यंत ठेवतात, वरून कापडासारखी धूळ बसलेली असते आणि तोडताना हाताला हिरवा काळपट डाग पडतो. मी म्हटलं, मग हेच काढू या. त्यांच्या फोनमध्ये फोटो होते.

नवं लेबल असं: एक अर्धा कापलेला टोमॅटो, बिया दिसणारा, आणि तो धरलेला हात, बोटांवर तो हिरवा डाग. नाव तेच राहिलंय, ‘इनी’वालं, ते नोंदलेलं आहे आणि मीही हट्ट धरला नाही. नावाखाली पदार्थाचं वर्णन आणि त्याखालच्याच ओळीत ‘टोमॅटो: तुर्कस्तान’. अक्षरांची उंची ३ मिलिमीटर, काळ्यावर नाही, चंदेरीवर नाही, पांढऱ्यावर गडद लाल. चीजवाल्या बरणीवर ‘कडक चीज घातलेला’ एवढंच.

मार्केटिंगचे गृहस्थ अजून नाराज आहेत. त्यांच्या मते पहिल्या तीन महिन्यांत विक्री कमी होईल. होईलही, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

दीडमिलिमीटर, एक शेवटची शंका. पट्टा आणि आजी काढल्यावर इटलीचा उल्लेख उरला नाही. मग युरोपसाठी टोमॅटोचा देश लिहिणं सक्तीचं राहतं का? तसं नसलं तरी मी काढणार नाही, फक्त कळून घ्यायचंय. आणि ब्रँडचं नाव अडचणीचं ठरेल का?


दीडमिलिमीटर:

फार छान झालं हे.

लेबलावर दुसऱ्या कुठल्याच देशाची सूचना नसेल तर २०२० च्या नियमानं सक्ती नाही. मात्र सॉस जिथे बनतो त्या देशाचं ‘इथे निर्मित’ असं कुठे मोठ्यानं लिहिलंत, तर तीही उगमाची सूचनाच झाली आणि टोमॅटो वेगळ्या देशाचे असल्यामुळे सक्ती परत लागू होते. तुमची ओळ आहेच, फक्त ती ‘इथे निर्मित’च्या शेजारी, एकाच नजरेत येईल अशी ठेवा. बरणी गोल आहे, त्यामुळे दोन्ही मजकूर वक्राच्या एकाच बाजूला आहेत ना, हे प्रत्यक्ष गुंडाळून बघा.

नावाबद्दल: नोंदलेल्या ट्रेडमार्कला तो नियम सध्या लावत नाहीत, त्यासाठी वेगळे नियम यायचे आहेत. दिशाभूल न करण्याचा मूळ नियम त्यालाही लागू आहे, पण तुमच्या नव्या लेबलावर नावाच्या जोडीला इटलीचं काहीच उरलेलं नाही आणि टोमॅटोचा देश त्याच्या खालीच आहे. मला त्यात धोका दिसत नाही.

छपाईला देण्याआधी पूर्ण आकाराचं प्रूफ काढून एक्सची उंची पट्टीनं मोजा, स्क्रीनवर नको. काचेवर चिकटल्यावर लेबल किंचित आखडतं.